मनुबाईंची तलवार

शिरवळजवळच्या आमच्या गावात मनुबाई दर खंडेनवमीला सासऱ्यांच्या तलवारीची पूजा करायच्या. १९७४ साली तलवारीला फार गंज चढला, तेव्हा पलटणीतून निवृत्त झालेले त्यांचे दीर नाथाजी म्हणाले, "वैनी, साताऱ्याच्या संग्रहालयात देऊ. लोकं बघतील, घराण्याचं नाव हुईल. पूजेला तुमी कवाबी जावा, मी बोललोय तितं."

मनुबाईंनी विश्वासानं तलवार दिली.

खंडेनवमीला झेंडूचा हार घेऊन त्या एसटीनं साताऱ्याला गेल्या. काचेच्या कपाटात तलवार लखलखत होती. मुठीवरचं पिढ्यापिढ्यांचं कुंकू घासून काढलं होतं. कपाट उघडा म्हणाल्या, तसे तिथले साहेब गोंधळले.

"बाई, पूजेतली वस्तू आम्ही घेतच नाही. पूजा कधीच बंद झाली, असं नाथाजींनी सांगितलं होतं."

संध्याकाळी त्यांनी दिराला गाठलं.

"आवं, तसं बोललो नसतो तर घेतली नसती त्यांनी," नाथाजी हसले. "गंजून गेली असती की घरात!"

"मग मला कशाला फसवलंसा, भावजी?"

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला नाथाजी दारात आले, आपट्याची पानं पुढे करून उभे राहिले. मनुबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला नाही.