पेंटरबाई आणि त्यांचे देशमुख

पेंटरबाई शिडीवर चढल्या की शिडी धरायला खाली देशमुख उभे राहत. स्वच्छ पांढरं धोतर, काळी टोपी आणि नजर जमिनीवर. वर पेंटरबाई लुगड्याचा कासोटा घालून, अंगात पुरुषी शर्ट चढवून, सरकी-पेंडीच्या दुकानाची पाटी रंगवत असत. दोघंही साठी ओलांडलेली. परतूरच्या बाजारात नवीन आलेला माणूस हे बघून थबकायचाच. मीही थबकले होते. धावड्याहून इथल्या शाळेवर बदली होऊन आले आणि मिळालेली खोली नेमकी त्यांच्या शेजारची निघाली.

दोघांचं लग्न झालेलं नाही, हे घरमालकानं मला पहिल्याच दिवशी दबक्या आवाजात सांगितलं. बाकीचं हळूहळू देशमुखांकडूनच कळलं. ते घनसावंगीकडच्या एका मातब्बर घराण्यातले धाकटे. तरुणपणी ते वारलेल्या वडिलांची तसबीर काढून घ्यायला जालन्याला आले, तेव्हा पेंटरबाई आपल्या बापाबरोबर सिनेमाची पोस्टरं रंगवत होत्या. देशमुखांच्या वडिलांचा एक डोळा अधू होता. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, फोटोसुद्धा दुसऱ्या बाजूनं काढलेला. पेंटरबाईंनी खोदून खोदून विचारलं आणि तो डोळा होता तसाच काढला. थोरल्या भावानं तसबीर घरात टांगू दिली नाही. "मला मात्र त्या दिवशी वडील दिसले," असं देशमुख म्हणायचे. मग त्यांना जालन्याला जायला रोज नवं काम निघू लागलं.

पुष्कळ भांडणं झाल्यावर घरचे लग्नाला तयार झाले, पण बाईनं रंगकाम सोडायचं आणि मुलगी आपल्यातल्याच चांगल्या घरची आहे असं सगळ्यांना सांगायचं, या अटीवर. पेंटरबाईंनी निरोप्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. मला म्हणाल्या, "ते दुसरीच बाई घरी नेऊन राह्यले होते. मंग माझं काय काम तिथं?" त्यानंतर देशमुखच घर सोडून आले. जालन्यात लोकांचं बोलणं असह्य झालं तेव्हा दोघं परतूरला येऊन राहिली.

देशमुख त्यांना भर बाजारात अहो-जाहो करायचे. पेंटरबाई त्यांना सरकार म्हणायच्या, कधी प्रेमानं, कधी चिडून. कचेरीत जाऊन लग्नाची नोंद करू, असं देशमुख दर पाडव्याला म्हणत आणि त्या टाळत. "सही केली की मी देशमुखीण झाले. लोकं पाया पडतील, पाटी रंगवायला न्हाई देणार." देशमुख हसायचे, पण त्या दिवशी जेवण कमी जायचं. एकदा मला हळूच म्हणाले, "त्यांचं बरोबर असेल, बाई. पण मला कुणाचा तरी म्हणून मरायचंय."

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. आळीतले लोक सुरुवातीला धावून आले, पुढे एकेकाचं येणं कमी झालं. पेंटरबाईंना ते एकटीनं उचलवत नव्हते. एकदा दोघंही मोरीत पडली. बातमी गावी पोहोचली आणि पुतण्या जीप घेऊन आला. पोरगा सालस होता. मान खाली घालून म्हणाला, "काकांना नेतो. तुम्हाला मात्र... घरात मोठी माणसं आहेत." पेंटरबाईंनी देशमुखांची धोतरं स्वतः घड्या करून पिशवीत भरली. देशमुखांनी डाव्या हातानं त्यांचा शर्ट धरून ठेवला होता. पेंटरबाईंनी बोटं सोडवली आणि पाठ फिरवून म्हणाल्या, "जा सरकार. तिथं उचलाया चार माणसं हायेत." जीप गेली तरी त्या वळल्या नाहीत.

पुतण्याचा फोन येत राहिला, मग कमी झाला, मग बंद. त्या करत तेव्हा कुणी उचलत नसे. एका बाजारच्या दिवशी घनसावंगीकडच्या कुंभार पिंपळगावचा एक माणूस दुकानाची पाटी सांगायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, देशमुखांकडचे धाकटे काका गेले की मागच्या महिन्यात, मोठा दहावा झाला. त्याला या दोघांचं काहीच ठाऊक नव्हतं. पेंटरबाईंनी दुकानाचं नाव नीट विचारून घेतलं आणि दुपारभर दारात बसून पाटी पुरी केली.

शाळा सुटल्यावर मी आले तेव्हा त्या तिथंच बसून होत्या. काय झालं ते सांगितलं. मी जवळ बसले. त्या म्हणाल्या, "मी लई बराबर वागले असं मला वाटायचं. लग्न केलं असतं, तर सांगाया तरी कुणी आलं असतं."

त्यांच्या हातांवर निळा रंग वाळला होता. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून मी एकेक बोट पुसू लागले. एरवी स्वतःच्या हाताला कुणाला हात लावू न देणाऱ्या त्या बाईंनी हात मागे घेतला नाही.