छत्तीस फूट तार

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या घरात चार खोल्या एका रेषेत होत्या: बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर आणि परसाकडची खोली. वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा शिंदखेड्याजवळच्या गावातून मी त्यांना जळगावला आणलं आणि त्यांची खाट शेवटच्या खोलीत टाकली. संडास परसात होता, खाटेपासून नऊ पावलांवर. त्या वेळी मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरीला होतो. वडिलांना गावात सगळे आबा म्हणत, आम्हीही तेच म्हणायचो.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "उजवा पाय येईल, पण चालवलात तर. तीन-चार महिने हातात आहेत. त्यानंतर जेवढा आला तेवढाच."

आबांना चालवलं ते रेडिओनं. तो बैठकीत होता. सकाळच्या बातम्या, दुपारचे बाजारभाव, संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम आणि रात्रीच्या बातम्या. चारही वेळा आबा काठी टेकत, भिंतीला हात लावत बैठकीत येत. एका खेपेला एकतीस पावलं. येणं-जाणं धरून दिवसाची दोनशे अठ्ठेचाळीस.

एकदा येताना ते स्वयंपाकघरात धडपडले. पडले नाहीत, थोडक्यात वाचले. दुसऱ्याच दिवशी मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "रेडिओच्या मागे दोन भोकं आहेत बघा, बाहेरच्या स्पीकरसाठीच आहेत. स्पीकर चार ओहमचाच घ्या, नाहीतर आवाज बसेल." मी भिंतीच्या कडेनं अंतर मोजलं. ते भरलं चौतीस फूट. दोन फूट जादा धरून छत्तीस फूट दुहेरी तार घेतली, दर दीड फुटाला खिळा मारला, दोन टोकं रेडिओच्या मागे खोचली आणि दोन स्पीकरच्या पितळी स्क्रूंना आवळली. स्पीकरचा लाकडी खोका आबांच्या उशाशी टांगला. आवाज इतका स्वच्छ आला की मी बैठक ते परसखोली अशा पाच फेऱ्या मारून दोन्हीकडचा आवाज ताडून पाहिला.

आबा त्यांच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "ब्येस शे."

साधारण तीन आठवड्यांनी एका सकाळी ते परसात निघाले, आणि मी पाहिलं की उजवा पाय उंबऱ्यावरून उचलला जात नव्हता. तो त्यांनी हातानं मांडीला धरून पलीकडे टाकला. उंबरा तीन बोटं उंच होता. मी तिथंच हिशेब केला. आता ते दिवसातून तीनदा संडासला जात, म्हणजे चोपन्न पावलं. उरलेली माझ्या तारेनं खाल्ली होती.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग काढा ना तार." पण त्यांच्या उशाशी बोलणारं तेवढंच एक होतं. दोन दिवस मी तारेकडे बघत घरात फिरत राहिलो. कार्यालयात एका नकाशावर एकच आकडा दोनदा लिहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी रेडिओच्या मागची दोन्ही टोकं उपसली. आतून आबांची हाक आली, "रेडिओ मुका व्हयना का रे?"

"रेडिओच बंद पडलाय, संध्याकाळी बघतो," मी म्हणालो आणि सायकलवर बसलो.

आयुष्यात मी बापाशी खोटं बोललो नव्हतो असं नाही, पण आजारी बापाशी ते पहिलंच. दिवसभर काम सुचलं नाही. संध्याकाळी चपला न काढताच आत गेलो. "आबा, तार मीच काढली. तुमचं चालणं बंद झालं म्हणून."

"माले माहीत शे. तुन्ही बायको दुपारले रेडिओ ऐकत व्हती. बंद पडेल रेडिओ कसा बोलस?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

पुढचे दोन दिवस ते उठले नाहीत, परसात जाण्यापुरतेच. कामावरून आलो की मी बायकोला विचारायचो, "आज बैठकीत आले?"

बायको वैतागली. "मला दुसरी कामं नाहीत का? मोजणीची साखळी घेऊन तुमच्या हापिसचा शिपाई पाठवा."

माझं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. तार पुन्हा लावावी असं दर तासाला वाटे, आणि उंबरा आठवला की हात मागे येई.

तिसऱ्या संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि काठीचा आवाज आला. एरवीच्या एकतीस पावलांना आज चोपन्न लागली. आबा रेडिओसमोर बसले, घाम पुसला, कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "मन्ही खाट आठे टाक."

"बैठकीत? आबा, पाहुणेरावळे येतात."

"येवोत. मी काय चोरी करेल शे?"

आजाऱ्याची खाट मागे आणि बैठक पाहुण्यांसाठी रिकामी, असंच मी लहानपणापासून पाहिलं होतं. घरातलं प्रत्येक अंतर मी मोजलं होतं, पण खाट हलवून पाहिली नव्हती. खाट बैठकीत आणली. आता रेडिओ हाताशी होता, आणि संडास जुन्या हिशेबानं चाळीस पावलांवर. तीन खेपांची येऊन-जाऊन दोनशे चाळीस, आणि त्या खेपा टाळण्यासारख्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी मी हात पसरून त्यांच्या मागे चालू लागलो. स्वयंपाकघरात ते थांबले. "मांगेमांगे कसाले येस? मी काय शेत शे, मोजाले?"

बायको हसली. मी बैठकीत परत आलो. खाटेच्या कडेला बसून, आतून येणाऱ्या चपलेच्या फरफटीवरून मोजत राहिलो. सव्वीस झाली आणि आवाज थांबला. मी उठून उभा राहिलो. मग सत्तावीस.