गुणवंतरावांच्या गाण्याचं तिसरं कडवं

बाबुलाल शेंडेचं म्हणणं असं, की बँडने त्याच्या गाण्यांचं वाटोळं केलं. हे तो ऐन तारुण्यापासून सांगत आला आहे आणि त्याच बँडबरोबर गातही आला आहे. बायकोच्या भाजीला नावं ठेवत दुसऱ्यांदा वाढून घेणारे नवरे असतात, त्यातलाच हा प्रकार.

चंद्रपूरकडच्या मूल गावाजवळच्या एका खेड्यातला हा ढिवर. सकाळी मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकायचं, दुपारी ते दुरुस्त करायचं आणि जाळं विणता विणता कुणाची तरी अब्रू उसवायची, हा त्याचा दिनक्रम. गावात कुणी आगाऊपणा केला की चार दिवसांत त्याच्यावर गाणं तयार. तलाठ्यावर केलं. दारू सोडल्याची शपथ घेऊन गुत्त्यावरच बसणाऱ्या कोतवालावर केलं. सख्ख्या सासऱ्यावर केलं, तेव्हा बायको जया रुसून माहेरी जाऊन बसली. बाबुलालने त्याचंही गाणं केलं.

ही गाणी टेप करायची अक्कल मूलच्या बशीरची. बशीरची बँड पार्टी होती, तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा आणि त्याच्या भावाने सौदीहून आणलेला टेपरेकॉर्डर घरात नुसताच शोभेला होता. धानाचा हंगाम संपला की राईस मिलचं गोदाम रिकामं पडायचं. तिथे आवाज छान घुमतो म्हणून दोघे तिथे जाऊन बसायचे. बाबुलाल खंजिरी घेऊन गायचा, बशीर बटण दाबायचा. कोऱ्या कॅसेटवर खर्च करणं दोघांच्याही रक्तात नव्हतं. प्रवचनाच्या जुन्या कॅसेटी आणायच्या, परत टेप करता यावं म्हणून वरच्या भोकांत कागदाचे बोळे कोंबायचे आणि महाराजांच्या आवाजावरच आपलं गाणं टेप करायचं. त्यामुळे सासऱ्याची यथेच्छ नालस्ती करून गाणं संपायचं आणि लगेच महाराज म्हणायचे, म्हणून सज्जनहो, कुणाची निंदा करू नका.

त्या एकट्याच्या टेपमध्ये बाबुलालचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू यायचा. आवाज घोगरा होता, पण शिवी कुणाला आणि कशासाठी आहे याबद्दल शंका राहायची नाही. हीच पुढे अडचण झाली. कोतवालाच्या गाण्यावरून बशीरच्या सायकलची चाकं कुणीतरी वाकडी केली. तेव्हा बशीरने सांगितलं, की यापुढे गाणं बँडवर करायचं. चाल ठेवायची, शब्द ढोलाखाली गाडायचे.

"तुह्या शब्दानं मार भेटते, बाबुलाल," तो म्हणाला. "माह्या वाजवण्यानं जेवण भेटते. सोचून घे."

जेवणाचा मुद्दा बिनतोड होता. मग पुढची सगळी वर्षं बँडची. चंद्रपूरच्या एका स्टुडिओत ढोल, ताशा, कॅसिओ आणि क्लॅरिनेट यांच्या मध्ये बाबुलालला उभं करायचे आणि टेपमध्ये त्याचा आवाज बाजारात हरवलेल्या पोरासारखा कुठूनतरी लांबून यायचा. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी जाऊन मोबाईलचं कार्ड आलं. आवाज काही जवळ आला नाही. बाबुलाल दर वेळी भांडायचा, चार दिवस अबोला धरायचा आणि लग्नसराई लागली की बँडचा लाल कोट चढवून हजर व्हायचा.

या सगळ्यांत गाजलं ते गुणवंतरावांचं गाणं. गुणवंतराव मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. जातीचे ढिवर, पण पाण्याला भिणारे. घोट्याच्या वर पाणी आलं की धोतर सावरत काठावर परतणारे. वाटणीच्या दिवशी मोठी मरळ मासेमारी खात्याच्या साहेबांच्या घरी पाठवायचे आणि बाकीच्यांना झिंगे दाखवायचे. एका वर्षी तलावात मासोळीचं बी सोडायला साहेब आले. फोटोवाला म्हणाला, अध्यक्षांनी जाळं फेकताना फोटो काढू. अध्यक्षांनी जन्मात पहिल्यांदा जाळं फेकलं, जाळ्यात त्यांचाच हात अडकला आणि जाळ्यामागोमाग तेही गेले. बाबुलाल काठावरच होता. त्याला इतका आनंद आयुष्यात परत झाला नाही.

गुणवंतराव, गुणवंतराव, जाळं टाका सांभाळून,
मासे हासून राह्यले पाण्यातून पाहून.

तीन कडव्यांचं गाणं. एकट्याने गायलेलं गोदामात टेप झालं आणि नंतर बशीरने ते बँडवर घेतलं. चाल अशी काही जमली होती, की मूलपासून थेट जंगलातल्या गावांपर्यंत कुठल्याही वरातीत ती वाजल्याशिवाय नवरदेव पुढे सरकेना. लोक घामाघूम होऊन नाचायचे. गुणवंतरावांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात ती वाजली आणि स्वतः गुणवंतराव फेटा सावरत दोन पावलं नाचले. बाबुलालने त्या दिवशी जेवण टाकलं. इतकी जिवापाड रचलेली शिवी, आणि ज्याला दिली तोच तिच्यावर नाचतो, म्हणजे शब्द कुणालाच ठाऊक नाहीत, असं त्याच्या मनाने घेतलं. ते शल्य त्याला कायमचं राहिलं.

तरी त्याला एक आधार होता. एकट्याच्या टेप घरात होत्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरू नये म्हणून त्याने त्या सुकटीच्या डब्यात ठेवल्या होत्या. ढिवराच्या डोक्याने विचार केला तर बरोबरच आहे, ज्या डब्यात मासळी अख्खा पावसाळा कोरडी राहते त्यात कॅसेट का राहू नये. मिठाने आतली पट्टी खाल्ली आणि सुकटीच्या वासाने आलेल्या उंदरांनी उरलेली. हे कळलं परवा परवा, मुलगी खुशबूने सगळी गाणी मोबाईलवर चढवायचं मनावर घेतलं तेव्हा. डबा उघडला, तर आत प्लास्टिकची खोकी आणि उंदरांची लेंडी. जयाला हसू आवरेना. माझ्या बापाचं गाणं उंदरांनी आधी खाल्लं असणार, असं ती म्हणाली.

खुशबू म्हणाली, त्यात काय, बाबा, तुम्ही परत म्हणा. बाबुलाल खंजिरी घेऊन बसला. गुणवंतरावांच्या गाण्याची दोन कडवी खणखणीत म्हटली आणि थांबला. तिसरं कडवं येईना. फोटोवाल्याचं काहीतरी होतं, बुडण्याचं होतं, पुढे काय? त्याने जाळं विणताना आठवून पाहिलं, डोंग्यात बसून आठवून पाहिलं. बँडची सीडी लावून कान देऊन ऐकलं, तर त्या जागी ढोल धडधडत होता. बशीरला विचारलं, तर तो म्हणाला मी कधी शब्द ऐकलेच नाहीत. बाबुलालला पहिल्यांदाच भीती वाटली. आवाज जाणार हे त्याने धरलेलंच होतं. पण आपलं सगळ्यात चांगलं कडवं आपल्याच डोक्यातून गेलं आणि जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात ते नाही, हे त्याला सोसेना. अन्न गोड लागेना.

तशात गुणवंतराव वारले. पिकलेलं पान, नातवंडं-पतवंडं पाहिलेली. असा माणूस गेला की इकडे त्याला वाजतगाजत नेतात. बँड अर्थातच बशीरचा. त्यांची नागपूरची सून बशीरला म्हणाली, की मामंजी शेवटी शेवटी सारखी एक चाल गुणगुणायचे, तीच वाजवा, त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल. आणि तिने ती गुणगुणून दाखवली. बशीरचा चेहरा पडला. त्याने बाबुलालला कोपऱ्यात घेतलं. बाबुलाल कुचकटपणे म्हणाला, खुशाल वाजव, तुह्या वाजवण्यात शब्द कुठी असतात?

तिरडी उठली. बँड सुरू झाला, जरा संथ लयीत. विसाव्याच्या जागेपर्यंत बँड थांबवायचा नाही असा रिवाज आहे, मधेच थांबला तर गावात आणखी कुणीतरी जातं म्हणतात. पहिल्या वळणावर बाबुलालला दिसलं, की पुढचे खांदेकरी ओठ हलवताहेत. त्याला वाटलं रामनाम असेल. मग मागून बायकांचा आवाज आला, आधी कुजबुज आणि मग स्पष्ट. मासे हासून राह्यले पाण्यातून पाहून. शंभरेक माणसं माना खाली घालून, डोळे पुसत, मेलेल्या माणसाला त्याची मरळ आणि आपले झिंगे ऐकवत चालली होती. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. बाबुलालने काठावर जाळं विणताना म्हटलेले शब्द गावाला केव्हाच पाठ झाले होते आणि चाल कानावर पडली की तोंडातून शब्द येतात, त्याला कोण काय करणार. नागपूरची सून हे काहीतरी जुनं भजन आहे असं समजून हात जोडून चालत होती. बशीर घामाने निथळला होता, पण थांबता येत नव्हतं.

जन्मभर बाबुलालला हेच हवं होतं आणि आता तो मनातल्या मनात म्हणत होता, गप बसा रे, गप बसा. दुसरं कडवं संपलं. तिसऱ्याच्या तोंडाशी सगळे एकदम गप्प झाले. का गप्प झाले ते बाबुलालला कळेना, कारण त्याला कडवंच आठवत नव्हतं. आणि तेवढ्यात तिरडीच्या मागून एकच आवाज आला. गुणवंतरावांची बायको प्रेमिलाबाई रडत रडत गात होती.

फोटोसाठी जाळं फेकलं, गडी गेला बुडून,
प्रेमिलाबाईनं काढला त्याले काठी लावून ओढून.

विसावा आला. बँड थांबला. बाबुलालने लाल कोट काढून हातात घेतला आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. कडवं सापडल्याचा त्याला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची त्याला लाजही वाटत होती.

तेरवी झाल्यावर तो तिच्याकडे गेला. शब्द बरोबर ऐकले की नाही ते एकदा विचारून घ्यावं, हे निमित्त. मी ते कडवं विसरलो होतो, असंही त्याने सांगून टाकलं.

"भुलला तू?" प्रेमिलाबाई म्हणाली. "आमाले नाई भुलता आलं. घरात दोघंच असलो का तो म्हणे अन् मले चिडवे. लोकाइत गेला का नाचे, कोनाले समजू नाई म्हनून."

मग म्हणाली, "पन ते खोटं हाय, बाबुलाल. काठी कोनं देल्ली होती? सारेच हासून राह्यले होते. साहेब हासला, तू बी हासला. मी उडी मारली होती, लुगड्यासकट."

बाबुलालला ते आठवलं. काठी नव्हतीच. तो काठावर उभा राहून 'बुडून' या शब्दाला यमक शोधत होता. त्याने मान हलवली आणि विचारलं, की मग बदलू का. तिने सांगितलं, बदलू नको, ते कडवं मीच म्हणते.

गाणं परत टेप करायला खुशबूने मोबाईल बशीरच्या बँडच्या शेडमध्ये एका खुर्चीवर उभा केला. दोन कडवी नेहमीसारखी झाली, म्हणजे ढोल वर आणि बाबुलाल खाली. तिसऱ्याला प्रेमिलाबाई पुढे आली. बशीरने क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि ढोलवाल्याचा हात धरला. एवढ्या वर्षांत बँड पहिल्यांदा गप्प बसला, तोही बाबुलालसाठी नाही. बाई सुरात नव्हती, एका जागी दमही तुटला. प्रेमिलाबाईनं काढला त्याले सोता उडी मारून, असं ती म्हणाली आणि बाबुलालला रडू फुटलं. ते टेपमध्ये ऐकू येतं. खुशबू परत घेऊ म्हणाली, तर बशीरने तिला हाताने गप्प केलं.

आता ते गाणं मोबाईलमोबाईलवर फिरतं आहे. परवा तलावाच्या पाळीवर मासोळी घ्यायला आलेल्या एका बाईने बाबुलालला ओळखलं आणि म्हणाली, भाऊ, ते प्रेमिलाबाईचं गाणं म्हणून दाखवा ना. बाबुलालचं टाळकं सटकलं. गाणं माझं आहे, मी रचलं आहे, तुमचा जन्म व्हायच्या आधी रचलं आहे, हे त्याने तिला चढ्या आवाजात सांगितलं.

"असन, भाऊ," ती म्हणाली. "पन तिसरं कडवं तं बाईचंच नं?"

बाबुलालने तराजू उचलला. मग तिची मासोळी तोलून दिली, हात पुसले आणि गायला लागला. सुरुवात त्याने तिसऱ्या कडव्यापासूनच केली.