शिशाचे आप्पे

आमच्या साडूंवर न चिडता सलग पाच मिनिटं बोलू शकलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. सापडलाच, तर त्याला साडूंनी अजून काही विचारलेलं नसेल एवढंच. कारण साडू बोलत नाहीत, ते विचारतात. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे नागपूरचे. आता नेपरव्हिलमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात, आणि वस्तू निवडणं या एका कामावर त्यांनी जन्म काढला आहे. स्नोब्लोअर कुठला घ्यावा हे ठरेपर्यंत शेजारची मुलं शाळा संपवून कॉलेजात गेली. तोवर हा गृहस्थ भल्या पहाटे फावडं घेऊन बर्फ काढायचा, स्वतःच्या दारातलाही आणि माझ्या दारातलाही. म्हणजे धड रागावण्याचीसुद्धा सोय नाही! उडप्याकडे गेलो की सगळ्यांना विचारणार, मग वेटरला विचारणार, मसाला डोसा सांगणार आणि आला की माझ्या उत्तप्प्याकडे बघत बसणार. "मला पाहायला आले तेव्हा मात्र चहा यायच्या आत हो म्हणाले," असं ताई सांगतात. त्या दिवशी चहाला बराच उशीर झाला असणार, असं माझं मत आहे.

रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, भजन शिकतात. साडूंना शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्यानं एकदा पिस्तुलाच्या रेंजवर नेलं. संपलं. ज्या माणसानं नागपुरात पतंगाचा मांजासुद्धा बोट कापेल म्हणून धरला नाही, तो कानाला मफ लावून कागदावर गोळ्या झाडायला लागला. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. पण दुकानातली काडतुसं महाग, तेव्हा सरावापुरत्या गोळ्या घरीच शिसं वितळवून ओताव्यात, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यासाठी लागतो साचा. आणि साचा निवडायचा असतो!

मग माझे वर्षभर जे हाल झाले ते मीच जाणे. जेवायला बसलो की फोन. "भाऊ, दोन खळग्यांचा घेऊ की सहाचा?" मी म्हणायचो, सहाचा घ्या. "पण तो जड होतो ना! मनगट दुखते." मग दोनचा घ्या. "पण त्यात काम लवकर नाही उरकत बाप्पा." ॲल्युमिनियमचा लवकर तापतो पण टिकत नाही, बिडाचा टिकतो पण गंजतो. गोळीचं नाक गोल हवं की चपटं? वजन एकशे पंचवीस ग्रेन की एकशे सत्तेचाळीस? हे ग्रेन म्हणजे गुंजेच्या जेमतेम निम्मं, आणि तेवढ्यासाठी माझी आमटी रोज गार. एकदा मी ओरडलोच, "अहो, कागदाला भोक पाडायचंय ना? त्या कागदाला नाक गोल की चपटं, काय कळणार आहे?" तर शांतपणे म्हणाले, "कागदाला कळते. गोल नाकाचं भोक फाटल्यासारखं होते, चपट्याचं साफ येते." अशा माणसाला काय करावं, सांगा!

साचा ठरेना, पण तयारी मात्र जोरात. टायरच्या दुकानांतून चाकांना तोलासाठी लावायची जुनी शिशाची वजनं गोळा करून आणली. ती तशीच ठेवता येत नाहीत म्हणे, वितळवून, कचरा काढून, लहान लहान ढेपा करून ठेवायच्या, म्हणजे साचा आला की ओतायला घेता येतात. साचा यायचं नाव नाही आणि ढेपा वाढताहेत. आणि हे सगळं कुठे? गॅरेजमध्ये, भर जानेवारीत, दार घट्ट लावून. का, तर थंडी वाजते!

मे महिन्यात आमच्या सईचं डोहाळजेवण निघालं. सई माझी एकुलती एक लेक, जन्म इथलाच. लग्नाला सात वर्षं झाल्यावर हे बाळ यायचं होतं, त्यामुळे आम्ही सगळे तिला फुलासारखं झेलत होतो. ताई म्हणाल्या, डोहाळजेवण माझ्या घरी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि सईनं हट्टानं मागितलेले आप्पे. माणसं बरीच होती. गरम आप्प्यांची बशी हातात घेऊन मी जास्तीच्या खुर्च्या आणायला गॅरेजमध्ये गेलो. एक आप्पा तोंडात, एक हातात. आणि समोरच्या फळीवर ओळीनं मांडलेले, चंदेरी, चकचकीत आप्पे.

मी हातातला आप्पा बघितला, फळीवरचा बघितला. तोच घाट, तोच आकार. मागून साडू खुर्च्या उचलायला आलेच होते.

"हे काय आहे?"

"ढेपा आहेत ना शिशाच्या. मस्त पडल्या की नाही?"

"कशात पाडल्या?"

"आईचं ते जुनं बिडाचं आप्पेपात्र पडून होतं. ही नॉनस्टिक वापरते आता." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "धुतलं ना बाप्पा! घासून धुऊन ठेवलं जागेवर."

जागेवर! म्हणजे कपाटात! आणि आज माणसं जास्त म्हणून ताईंनी दोन्ही पात्रं शेगडीवर चढवलेली! तोंडातला घास मी तिथेच थुंकला आणि आत धावलो. सई पाटावर बसलेली, मांडीवर बशी, बशीत फक्त चटणी उरलेली. मी काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. चाळीस माणसांसमोर मी त्या माणसाला नालायक म्हणालो, खुनी म्हणालो. पोटातल्या बाळाला शिसं म्हणजे काय, हे अमेरिकेत कोणाला सांगावं लागत नाही. ओटी भरायला आलेल्या बायका नारळ हातात धरून उभ्या. साडू भिंतीला टेकून नुसते हात जोडत होते. सईच तेवढी शुद्धीवर होती. "बाबा, स्टॉप इट. आय विल गेट टेस्टेड," म्हणाली, आणि मग त्यांच्याकडे वळून, "काका, यू टू. प्लीज."

रक्त दिल्यावर रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मी साडूंचा फोन घेतला नाही. ते दारापर्यंत येऊन गाडीतच बसून राहायचे आणि परत जायचे. बायको खिडकीतून बघायची, मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. रिपोर्ट आला तो चांगला आला. सईच्या रक्तात काळजीचं काही नाही, बाळ ठीक. मी देवापुढे उभा राहिलो, मनसोक्त रडलो आणि मग फोन लावला. घंटा पुरती वाजायच्या आत त्यांनी उचलला. "पोरीचं नॉर्मल आहे," मी म्हणालो. पलीकडून नुसता हुंदका. मग ताईंनी फोन घेतला.

"यांचा रिपोर्ट सकाळीच आला हो. शिसं खूप निघालंय. डॉक्टरांनी लगेच या म्हणून सांगितलंय, पण हे हलायलाच तयार नाहीत. आधी पोरीचं येऊ दे म्हणतात. हिवाळाभर पोट दुखतंय म्हणत होते, आणि मी मेली ओवा देत बसले."

माझं डोकंच फिरलं. सकाळपासून! मी तसाच गाडी घेऊन गेलो, त्यांना दंडाला धरून आत बसवलं आणि हॉस्पिटलच्या रस्त्याला लागलो. केवढा वाळला होता माणूस! आम्हाला कोणाला दिसलं कसं नाही, देव जाणे. मी वाटेल ते बोलत सुटलो. अक्कल कुठे गहाण ठेवली होती, ताईंचा विचार केला का, शिसं वितळवताना गॅरेजचं दार उघडायला काय झालं होतं! ते मान हलवत ऐकत होते. "बरोबर आहे भाऊ. चुकलंच माझं." बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या वाळलेल्या मनगटाकडे गेलं आणि मी गप्प झालो. सिग्नल लाल होता. साडूंनी हळूच माझ्याकडे बघितलं.

"बोला ना भाऊ," ते म्हणाले. "तुम्ही चूप बसले की मला भीती वाटते."

मग हॉस्पिटल येईपर्यंत मी त्यांच्यावर ओरडत राहिलो.