बसव्वांनी घेतलेला पीटीचा तास

बसव्वा आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. भीमाकाठचं, कर्नाटकच्या सीमेवरचं गाव, त्यामुळे मुलांशी मराठी बोलायच्या, घरात कन्नड.

दिवाळीनंतर संस्थेनं शाळेला दोन कयाक पाठवल्या. दोघांनी वल्हवायच्या, लाल प्लॅस्टिकच्या निमुळत्या होड्या. पीटीचे उदयसिंह सर हरखून गेले. पंधरा दिवस त्यांनी मैदानात बाकावर बसवून पोरींकडून हवेत वल्ही मारून घेतली. मग एका शनिवारी सातवीच्या मुली बंधाऱ्यावर नेल्या. वर्गशिक्षिका म्हणून मी सोबत होते, आणि चिवड्याचा डबा घेऊन बसव्वा.

सर आधी एकटे बसले. जरा आत गेले, पोरींना हात करायला वळले आणि कयाक उलटली. अंगात लाइफ जॅकेट होतं, बुडणार नव्हते. पण घाबरून असे हातपाय झाडायला लागले की काठ दूरच जायला लागला. आम्ही नुसत्या ओरडत होतो. बसव्वांनी पदर खोचला आणि उडी मारली.

"पाय झाडू नका सर. उताणं पडा," जॅकेटचा पट्टा धरून त्या म्हणाल्या. सरांना काठावर सोडून परत गेल्या आणि कयाकही ओढत घेऊन आल्या.

सर बराच वेळ धापा टाकत होते. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मला पोहता येत नाही. लपवलं, चुकलं माझं. मावशी, आधी पोहायला शिकवा. मला आणि पोरींनाबी."

"मी शाळा शिकले न्हाय सर."

"पाणी शिकलाय की."

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली. कमरेएवढ्या पाण्यात दोर बांधला. शनिवारचा पीटीचा तास बसव्वांचा झाला आणि एकवीस मुलींच्या रांगेत बाविसावे सर उभे राहिले. पाठीखाली तळवा धरून बसव्वा सांगायच्या, "कान बुडू दे. आभाळाकडं बघ." मग हळूच हात काढून घ्यायच्या. सगळ्यात भित्री मुलगी संस्कृती. तिसऱ्या शनिवारी आपण एकटीच तरंगतोय हे कळल्यावर इतकी हसली की नाकातोंडात पाणी गेलं, तरी थांबेना.

मार्चमध्ये कयाक पुन्हा पाण्यात उतरल्या. शर्यत लागली: एकीत संस्कृती आणि तिची मैत्रीण, दुसरीत सर आणि बसव्वा. वल्हं हातात धरायची बसव्वांची पहिलीच वेळ. काठावरून पोरी धावत होत्या, मीही चप्पल काढून धावत होते. पोरी दोन हातांच्या अंतरानं जिंकल्या.

बसव्वा उतरायला तयार होईनात.

"सर, परत लावा," त्या म्हणाल्या. "या वेळी मी मागं बसते. तुमी लई हळू मारताय."