डॉक्टरीणबाईंनी मला वर्गाबाहेर उभे केले

डॉ. शांताबाई घोरमाडे यांच्या साठीनिमित्त चार चांगले शब्द लिहावेत, असा गौरव समितीचा आग्रह आहे. त्याआधी एक गाऱ्हाणे नोंदवतो. पांढुर्ण्यातल्या त्यांच्या दवाखान्यात मोठ्या माणसाने बसावे अशी एकही खुर्ची नाही. सगळी वीतभर उंचीची बाके. पहिल्या भेटीत मी गुडघे कानाशी घेऊन पाऊण तास बसलो होतो, आणि समोरची चार वर्षांची मुलगी माझ्याकडे दयेने पाहत होती.

मी हौसेने गेलो नव्हतो, बोलावणे आले होते. कारण माझीच एक चिठ्ठी. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या विमलच्या वडिलांना मी लिहिले होते : मुलगी मंदबुद्धी आहे, शाळेतून काढावी. जूनपासून तिने वर्गात एक अक्षर उच्चारले नव्हते. वडिलांचा सावरगावला संत्र्यांचा बगीचा. त्यांनी तिला शंखातले पाणी पाजले, अंगारा लावला, आणि शेवटी या दवाखान्यात आणले.

"घरी तर कोंबड्याइलेही दम देते, गुरुजी," ते म्हणाले. "शाळा दिसली का चूप. उन्हाळ्यापर्यंत बोलली नाही तं काढूनच टाकतो."

"हट्ट आहे. छडीने जाईल," मी म्हणालो.

बाईंनी तिचे कान आधीच तपासले होते. मग स्वतः जाम नदी ओलांडून तिच्या घरी गेल्या होत्या आणि स्वयंपाकघराच्या दाराआड बसून तिची टकळी ऐकून आल्या होत्या.

"हट्ट नाही, भीती आहे," त्या म्हणाल्या. "परक्यांत तिचा गळा बांधला जातो. बोल म्हणाल तितकी गप्प होईल. महिनाभर एकही प्रश्न विचारू नका. छडी इथेच ठेवून जा."

"अन् शिकवू कसा?"

"आधी वर्गाबाहेर उभे राहा."

राहिलो. मधल्या सुट्टीत, बाईंनी सांगितल्याप्रमाणे, विमल चुलतबहिणीला रिकाम्या वर्गात धडा वाचून दाखवी, आणि मी बाहेर लिंबाखाली उभा. काही दिवसांनी ओसरीवर. मग दारात, पाठमोरा. हेडमास्तर रोज विचारीत, "काहो गुरुजी, शिक्षा सरली नाही का अजून?" एकदा मी उतावीळपणे आत शिरलो, तर वाचन चार दिवस बंद. बाईंनी मला पुन्हा लिंबाखाली धाडले. रागावल्या नाहीत, हे मला फार जाचले.

उन्हाळा तोंडावर आला, तेव्हा मी एकदाचा आत पोहोचलो होतो, तिच्याकडे पाठ करून. मागून बारीक आवाज आला.

"गुरुजी, तुमच्या सदऱ्याले खडू लागून राहिला."

मी वळलो नाही. एवढे तोवर शिकलो होतो.

त्यानंतर एका जागी न बसणारी, अक्षरे उलटी लिहिणारी, अंथरूण ओले करणारी किती मुले आम्ही बाईंकडे पाठवली. चिठ्ठीत 'मंद' किंवा 'वांड' लिहिले की चिठ्ठी परत येते, खाली बाईंच्या अक्षरात : मुलाचे नाव काय? आम्ही शिकलेली माणसे; अजूनही महिन्याला एखादी परत येतेच.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे. मुलांना त्यांची गरज आहेच. पण सुधारायला गुरुजी लोकांना फार वेळ लागतो.

विमल आता नववीत आहे. परवा सावरगावला जाऊन मी त्या चिठ्ठीबद्दल तिची माफी मागितली. ती लहान-मोठी संत्री वेगळी करत राहिली.

मी बोल म्हटले नाही. शेजारी बसून राहिलो.