वरची दाढ

लहानूचं वय पंचेचाळीस, पण उभ्या इतवारी बाजारात त्याला कोणी कधी लहानूराव म्हटलं नाही. थोरले भाऊ गणपतराव बोलायचे आणि लहानू मान हलवायचा. त्याच्या शर्टाचं कापड गणपतराव निवडणार, बायकोही त्यांनीच पाहिली. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही! आईबाप लवकर गेले, तेव्हा याच भावानं लोखंडाच्या दुकानात राब राब राबून लहानूला वाढवलं होतं. अशा माणसाला नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

आज मात्र म्हणायचं होतं. लहानूच्या पोरीचा, वच्छलाचा, नर्सिंगला नंबर लागला होता, आणि गणपतरावांनी तिच्यासाठी भिवापूरच्या मिरचीवाल्यांचं स्थळ आणलं होतं. मुलाचे वडील बापूजी संध्याकाळी शब्द घ्यायला येणार होते. दुपारी लहानू गाल धरून भावाच्या स्कूटरवर मागं बसत होता, तेव्हा पोरगी फाटकापाशी आली.

"बाबा, आज बोलता न मोठ्या बाबासंग?"

"बोलतो वं," लहानू म्हणाला.

दाढ खालची होती, उजवीकडची. रात्रभर तिनं जीव खाल्ला होता. गांधीबागेपाशी लहानूनं धीर करून तोंड उघडलं, तर गणपतराव म्हणाले, "वारं लागन, बंद ठेव." ठेवलं बिचाऱ्यानं! सीताबर्डी आली तरी दाढेचंही बोलून झालं नाही आणि पोरीचंही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी खुर्ची मागं पाडली, दिवा डोळ्यांवर ओढला आणि विचारलं, "कुठली दुखते?"

लहानू आ करून बसलेला. उत्तर गणपतरावांनी दिलं. "वरची, उजवी. आमच्या घरात वरचीच किडते, साहेब. बाबाची वरची, माही वरची. माही तं तुम्हीच काढली."

डॉक्टरांनी वरच्या दाढेवर टकटक केलं. थोडी कीड तिलाही होतीच. "हीच ना?"

लहानूनं भावाकडे पाहिलं. नर्स उभी, दारातून पेशंट डोकावताहेत, आणि चारचौघांत थोरल्या भावाला खोटं पाडायचं? मान हलली. अरे, काय म्हणावं या माणसाला! जन्मभर खालीवर होणारी मान, आज तरी आडवी कशी होणार?

सुई टोचली, गाल जड झाला. मग मात्र लहानू घाबरला. त्यानं बोट उचलून खालच्या जबड्याकडे नेलं. गणपतरावांनी तो हात अलगद खाली घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"भिऊ नोको, लहान्या. मी आहो न."

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. असा हात सोडवायचा कसा? पकड तोंडात शिरली, डोक्यात करकर वाजलं. ही नव्हे, ही नव्हे, म्हणून लहानू आतल्या आत ओरडत राहिला. बाहेर निघालं ते नुसतं "आं, आं", आणि ते तर त्या खुर्चीत सगळेच म्हणतात.

"कापूस दाबून धरा," डॉक्टर म्हणाले. "आता बोलायचं नाही."

"तो तसाही बोलत नाही," गणपतराव म्हणाले, आणि सगळे हसले. कापूस चावत लहानूही हसला. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

घरी आले तर बापूजी बैठकीत चहा घेत बसलेले. गणपतरावांनी टोपी काढली, ऐसपैस बसले आणि म्हणाले, "पोरीच्या बापाचा होकारच आहे. काय, लहान्या?"

गालाचा जडपणा आता उतरत आला होता, आणि खालची दाढ पुन्हा ठणकायला लागली होती. दाराआडून वच्छला बापाच्या मानेकडेच पाहत होती. मान हलायच्या आत लहानूनं तोंडातला कापूस काढला.

"भाऊ, दाढ चुकीची निघाली."

"आं?"

"दुखते ते खालची. अजून दुखून राहिली."

"मंग तवाच बोलला काहून नाही गा?" गणपतराव कळवळून ओरडले.

"तुम्ही हात धरला होता."

लहानूच्या ओठांतून रक्त हनुवटीवर आलं. जीभ जड होती, पण आत्ता थांबलो तर पोरगी गेली, एवढं त्याला कळत होतं. त्यानं बापूजींपुढं हात जोडले.

"दाढ गेली तं गेली. पोरगी नाही देत. तिले नर्स व्हायचं आहे. माहा नकार समजा, बापूजी."

गणपतराव उठले. आता थोबाडीत बसते, असं लहानूला वाटलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, नेहमीसारखा त्याचं तोंड पुसायला हात पुढं केला, आणि ते मध्येच थांबले. मग रुमाल त्याच्या हातात दिला.

"पूस," ते म्हणाले.

लहानूनं आपलं तोंड आपण पुसलं.